काय सुचवलं?

आमच्या डेस्कवर एक वरिष्ठ होते. रिफिल संपत आलेलं लाल पेन आणि समासात दोनच शब्द लिहायची सवय: ‘काय सुचवलं?’ रात्री साडेदहाला पान सोडायची घाई असायची. बातमीदाराने लिहून पाठवलेलं असायचं की या वेळी अमुक नेत्यांनी सूचक विधान केलं, आणि हे गृहस्थ शांतपणे कॉपी परत पाठवायचे. बातमीदार तणतणत यायचा.

‘अहो, सूचक म्हणजे सूचक. वाचकाला कळतं की.’

‘तुला कळलं का?’

‘मला कळून काय उपयोग? छापता कुठं येतंय ते!’

‘मग सूचक तू आहेस. नेता कसला सूचक?’

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर अकरा वर्षं बसलो. ते निवृत्त झाले आणि हा प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. त्यानंतर पानांवर सूचकांचं जे पीक आलं, ते आजतागायत. सूचक मौन, सूचक हास्य, सूचक ट्वीट. ‘सूचक इशारा’ तर रोजचाच. इशारा हा मुळातच सूचक असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. दोन नेते एखाद्या लग्नात शेजारी बसले तर ते सूचक, आणि लांब बसले तर जास्तच सूचक. माझा अनुभव असा, की हा शब्द तीन वेळा कामाला येतो: नेता काय म्हणाला ते बातमीदाराला कळलेलं नसतं तेव्हा, कळलेलं असतं पण छापायची सोय नसते तेव्हा, आणि नेता काहीच म्हणालेला नसतो तेव्हा. तिसरा प्रसंग सगळ्यात जास्त वेळा येतो.

एवढी वर्षं हा शब्द कापत आणि गाळत बसल्यामुळे असेल, निवृत्तीनंतर मी त्याच्याच मागे लागलो. आणि गंमत अशी, की मराठीने या शब्दात जे करून ठेवलंय ते इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं.

उठणं, उठवणं. हसणं, हसवणं. निजणं, निजवणं. आपण ते केलं तर पहिलं रूप, दुसऱ्याला करायला लावलं तर दुसरं. त्याच हिशोबाने सुचणं आणि सुचवणं. म्हणजे सुचवणं याचा सरळ अर्थ दुसऱ्याला सुचायला लावणं! आता सुचणं ही काय चीज आहे ते बघा. ‘मी सुचलो’ असं आपण म्हणत नाही. ‘मला सुचलं’ म्हणतो. आठवणं, पटणं, भूक लागणं यांच्या रांगेतलं हे क्रियापद. त्यात माणूस कर्ता नसतोच. ते आपलं येतं, माणसाला होतं. कवितेची ओळ सुचते, वेळेवर उत्तर सुचत नाही, संकटात काही सुचेनासं होतं. जे आपलं आपल्याला हुकमी करता येत नाही, ते दुसऱ्याच्या डोक्यात घडवून आणायचं, याला सुचवणं म्हणायचं. बायको-मुलांना उठवणं सोपं, हसवणं जरा अवघड, पण सुचवणं म्हणजे अशक्य कोटीतलं काम. आणि तरी घराघरांत ते रोज चाललेलं असतं.

सांगणं वेगळं. सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या नावावर राहते: ‘तू सांगितलंस म्हणून केलं.’ सुचवलेली गोष्ट नीट लागू पडली, तर ती ऐकणाऱ्याच्या नावावर चढते. आमच्या घरी गॅस आला तो बाबांच्या कल्पनेने, असं बाबा शेवटपर्यंत सांगत. ‘मीच म्हटलं, किती दिवस त्या स्टोव्हशी झटापट करणार? टाकू घेऊन.’ मला आठवतं ते असं, की त्याआधी दोन महिने आईने रॉकेलचा स्टोव्ह स्वयंपाकघरातून माजघरात, बाबा पेपर वाचत तिथून चार हातांवर आणून ठेवला होता. आत उजेड कमी पडतो म्हणून. रोज सकाळी सात वाजता ती तिथे बसून पंप मारायची, पिन घालायची, भडका उडाला की ‘अगंबाई’ म्हणायची. गॅसबद्दल तिने एक शब्द काढला नाही. बाबा कौतुकाने ‘मीच म्हटलं’ असं पाहुण्यांना सांगत, तेव्हा ती चहा गाळत असायची आणि तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही.

बाबाही या विद्येत कच्चे नव्हते. त्यांचं साधन वेगळं होतं.

आमचं घर सांगलीत, गावभागात. बैठकीच्या खोलीत लंबकाचं घड्याळ होतं, आठ दिवसांच्या किल्लीचं. तबकडीवर दोन भोकं, एक काट्यांचं आणि एक टोल्यांचं. रविवारी सकाळी आंघोळ झाली की बाबा खुर्चीवर चढून दोन्हींना किल्ली देत. ही अधिकृत किल्ली. दुसरी अनधिकृत. संध्याकाळी गप्पांना येणाऱ्या मंडळींत काहींना घड्याळाचं भान नसे. नऊ वाजत, साडेनऊ वाजत. आतून आई एकदोनदा भांडं आपटे (हेही सुचवणंच, फक्त ठळक टायपातलं). मग बाबा सावकाश उठत, बोलणं न तोडता घड्याळाचं काचेचं दार उघडत, तळाशी ठेवलेली किल्ली घेत आणि दोन-तीन पीळ देत. कर्र. कर्र. कर्र. दार लावत आणि येऊन बसत. अर्ध्या मिनिटात कुणीतरी म्हणे, ‘चला, निघतो. बराच वेळ झाला.’ त्यावर बाबा कळवळून म्हणत, ‘अहो बसा हो, एवढी काय घाई?’

लहानपणी मला हा ढोंगीपणा वाटायचा. आता वाटत नाही. जायला त्यांनी सांगितलंच नव्हतं. जावं असं पाहुण्याला सुचलं होतं. ज्याला आपण होऊन जावंसं वाटलं त्याला ‘बसा’ म्हणण्यात खोटं काय?

एक सेवानिवृत्त मास्तर मात्र असे होते, की त्यांच्यापुढे ही किल्ली चालत नसे. पहिल्यांदा ती कर्रकर्र ऐकून ते म्हणाले, ‘मागं पडतं वाटतं? बघू.’ आणि चष्मा काढून घड्याळाशी जाऊन उभे राहिले. लंबक काढला, तोल बघितला, भिंतीशी काडेपेटी धरून घड्याळ तिरकं आहे का ते तपासलं. अकरा वाजले. बाबा बिचारे बॅटरी धरून उभे. पुढच्या खेपेला मास्तर येताना घड्याळाच्या तेलाची बाटली घेऊन आले.

मग एक दिवस घड्याळाची कमान तुटली. हरभट रस्त्यावरच्या घड्याळजीने ती उकलून बघितली आणि विचारलं, ‘काका, हे घड्याळ आठवड्याचं आहे. तुम्ही रोज का पिळताय?’ बाबा ओशाळले. खरं कारण सांगणं शक्य नव्हतं. नवी कमान बसवून घड्याळ घरी आलं, आणि अनधिकृत किल्ली बंद झाली. त्यानंतर ते जांभईवर आले, पण ठरवून दिलेली जांभई लपत नाही. माणसाचा सगळा चेहरा चुगली करतो.

माझी बायको वर्ध्याची. लग्न होऊन घरी आली तेव्हा या सगळ्या व्यवहाराची भाषा तिला ठाऊक नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती शिकायची तिची इच्छाही नव्हती. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. दुपारी वरण जरा कच्चं राहिलं होतं. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी आईने कऱ्हाडला माझ्या बहिणीला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर मोठ्याने विचारलं, ‘का गं, तुझ्याकडच्या कुकरला वरणाच्या किती शिट्ट्या करतेस?’ बहीण पंधरा वर्षं आईसारख्याच शिट्ट्या करत आलेली. तिला काही उमजेना. ‘आई, बरी आहेस ना?’ असं तिने विचारल्याचं मला बाजूला बसून ऐकू आलं. लेकी बोले सुने लागे ही म्हण शाळेत पाठ केली होती. अशी टेलिफोन खात्याच्या मदतीने सिद्ध झालेली पहिल्यांदा पाहत होतो.

बायको ओल्या हाताने बाहेर आली. ‘आई, वरण कच्चं राहिलं म्हणा ना मला सरळ. चार शिट्ट्या जास्त करीन उद्या.’

आई गोरीमोरी झाली. ‘अगं, मी कुठं तसं म्हटलं? मी आपली लेकीशी बोलत होते.’

ते खरंही होतं. सुचवण्याची हीच तर सोय आहे, की बोलणाऱ्याला ‘मी कुठं म्हटलं’ असं म्हणून मागच्या दाराने निघता येतं आणि ऐकणाऱ्याला ‘मला कुठं कळलं’ म्हणून पुढच्या दाराने. दोन्ही दारं उघडी असतात म्हणून घरातली हवा खेळती राहते, असं मी बायकोला समजावू लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘तुमच्या घरात माणसं बोलतात कमी आणि ऐकतात जास्त. न बोललेलंही ऐकतात. थकत कसे नाही तुम्ही?’

तिचं चुकत नव्हतं. एकदा ती खिडकीशी उभी राहून सहज म्हणाली, ‘आभाळ भरून आलंय.’ आई तटकन उठली आणि गच्चीवर गेली. वाळवण उचलायला. आणि दिवसभर गप्प. आपण पापड विसरलो हे सुनेने सुनावलं, असं तिने धरलं होतं. सून नुसतं आभाळाबद्दल बोलत होती. वर्ध्याच्या माणसाला भरून आलेल्या आभाळाचं किती अप्रूप असतं, हे सांगलीला कसं कळणार? पण ज्या घरात सगळंच काहीतरी सुचवण्यासाठी बोललं जातं, तिथे साधं बोलणाऱ्याची पंचाईत होते.

संस्कृतातल्या साहित्यशास्त्र्यांनी हे प्रकरण फार उंचीवर नेऊन ठेवलं आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहून सांगितलं, की काव्याचा आत्मा म्हणजे ध्वनी, शब्दांतून न बोलता उमटणारा अर्थ. दोन शतकांनी मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त त्यासाठी अगदी घरगुती वाक्य घेतलं: सूर्य मावळला. गुराख्याच्या दृष्टीने याचा अर्थ गुरं घरी वळव, दुकानदाराच्या दृष्टीने माल आवर, संध्या करणाऱ्याच्या दृष्टीने पळी-पंचपात्र काढ, आणि वाट बघत बसलेल्या बाईच्या दृष्टीने, अजून आला नाही. वाक्य एकच, ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो. हे वाचलं आणि मला आमची आई दिसली. ती तिन्हीसांजेला ‘सूर्य मावळला गं बाई’ म्हणायची, त्याचा अर्थ नुसता ‘दिवा लाव’ असा नसे. ‘अजून दिवा लागला नाही’ असा असे. मम्मटाच्या यादीत हा एक अर्थ घालायला हरकत नाही.

नाटकवाल्यांनी तर कथेची वाटणीच करून टाकली होती. धनंजयाच्या ‘दशरूपका’त कथावस्तूचे भाग आहेत: काही रंगमंचावर दाखवायचं, काही नुसतं सुचवायचं. त्या दुसऱ्याला शब्द आहे ‘सूच्य’. युद्ध, मरण असलं काही प्रेक्षकांपुढे करायचं नाही. दोन पात्रं येऊन बोलता बोलता सांगून जातील. ‘शाकुंतला’त सगळं नाटक ज्या शापावर उभं आहे, तो दुर्वासाचा शाप रंगमंचावर होतच नाही. चौथ्या अंकाच्या तोंडाशी सख्या फुलं वेचत असतात आणि आवाज पडद्यामागून येतो. ज्या शकुंतलेला तो शाप आहे, तिला तर तो ऐकूही जात नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाची वाट मोकळी केली. एवढ्या थाटाच्या परंपरेची सुरुवात अशी पडद्यामागच्या एका आवाजावर झाली, हे मला आवडतं. आपल्या घरांतही बहुतेक शाप पडद्यामागूनच येतात.

पण पंडितांनी एक गोष्ट गृहीत धरली, की बोलणारा आणि ऐकणारा एकाच पायरीवर बसलेले आहेत. ते एरवी होतं कुठं? वरच्याने खालच्याला सुचवलं की त्याचा हुकूम होतो. ‘सूचना’ या शब्दाचं मराठीत काय झालं ते बघा. हिंदीत सूचना म्हणजे माहिती. २००५ चा कायदा त्यांच्याकडे ‘सूचना का अधिकार’ झाला, आपल्याकडे ‘माहितीचा अधिकार’. आपल्याला तसं म्हणणं भागच होतं, कारण मराठीत सूचनेचा अधिकार म्हटलं असतं तर तो फक्त साहेबाला असतो. ‘वरून सूचना आल्यात’ असं कचेरीत कुणी म्हणालं, की समजायचं, हुकूम आहे पण कागद नाही. सही नाही, जावक क्रमांक नाही. उद्या प्रकरण अंगाशी आलं तर वरचा म्हणणार, मी कुठं म्हटलं? आमच्या आईचंच वाक्य, पण आईच्या वाक्याने कुणाची नोकरी जात नव्हती.

आणि खालच्याने वरच्याला काही सुचवायचं असेल तर त्यासाठी भिंतीवर पेटी असते. एका कचेरीत मी पाहिलेली ‘तक्रार व सूचना पेटी’ अजून डोळ्यांपुढे आहे. हिरवा रंग, गंजलेलं कुलूप, आणि वरच्या फटीतून अर्धवट आत गेलेलं पानाचं कागदी वेष्टण. किल्ली कुणाकडे असते असं विचारलं तर शिपाई म्हणाला, ‘आधीच्या साहेबांकडं होती.’

त्या मानाने निवडणुकीतला सूचक मला नेहमीच सरळ माणूस वाटत आला आहे. तो नाव, यादीतला अनुक्रमांक आणि सही यांसकट सुचवतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला लोकसभा-विधानसभेला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, राष्ट्रपतिपदाला पन्नास सूचक आणि वर पन्नास अनुमोदक. इथे आडून काही नाही. निदान मला असं वाटत होतं. २०२४ साली सुरत लोकसभा मतदारसंघात एका उमेदवाराच्या सूचकांनी सह्या आमच्या नाहीतच असं सांगितलं, अर्ज बाद झाला, बाकीचे उमेदवार मागे सरले आणि एकही मत न पडता खासदार निवडून आला. सुचवलंय असं कागद म्हणतो, माणसं म्हणतात आम्ही सुचवलंच नाही.

मला त्याचं फार नवल वाटलं नाही, कारण आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात मी स्वतः सूचक होऊन बसलो आहे. इमारतीला बाहेरून फिकट जांभळा रंग द्यावा, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. त्या सभेला मी हजर होतो एवढं खरं. मागच्या ओळीत, डोळा लागलेला. जे मला कधी सुचलंच नव्हतं ते मी सुचवलं, अशी नोंद झाली आणि आज ती इमारत जांभळी आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूचक म्हणजे आणखी तिसराच माणूस: सरकारी पैसा कोण खातो याची खबर देणारा. आरोप सिद्ध झाला तर अपहाराच्या रकमेतला सहावा हिस्सा त्याला, आणि तो नोकर असेल तर बारावा. सिद्ध नाही झाला तर शिक्षा. म्हणजे ‘काय सुचवलं?’ हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता, आणि उत्तर देता आलं नाही तर फक्त कॉपी परत येत नव्हती.

खालून वर जाणारी, जिवाच्या भीतीने आडून केलेली सूचना म्हटलं की आपल्याकडे पानिपतचं पत्र आठवतं. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची गणती नाही, अशा अर्थाचं. शाळेत आम्हाला ते असं शिकवलं, जणू पेशव्यांना कळावं म्हणून कुणी चतुराईने रचलेला तो सांकेतिक निरोप होता. ग्रँट डफने दिलेली हकिगत वेगळी आहे. ते सावकारांच्या कासिदाजवळचं पत्र, पेढीकडून पेढीकडे, औरंगाबादेला निघालेलं. १७६१ च्या जानेवारीत नर्मदेपाशी कासिद नानासाहेबांच्या फौजेला गाठ पडला आणि पत्र उघडलं गेलं. लिहिणाऱ्याने पेशव्यांना काही सुचवलं नव्हतं. त्याने आपल्या धंद्याच्या भाषेत, वाटेत पत्र कुणाच्या हाती पडलं तर मान सलामत राहावी म्हणून, नुकसानीचा हिशोब कळवला होता. आणि तो हिशोब पहिल्यांदा नेमका त्याच माणसाच्या हातात आला, ज्याचे मोती होते. त्याला फोड करून सांगावी लागली नाही. मम्मटाच्या वाक्यासारखंच हे. वाचणारा बदलला आणि मोत्यांचे विश्वासराव आणि भाऊ झाले.

आता जे सांगतो आहे ते खरं तर आधी सांगायला हवं होतं. तेवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. हात दुसरीकडेच चालत राहिला.

बाबांना शेवटची चार वर्षं मूत्रपिंडाचा त्रास होता. मीठ जवळजवळ बंद. बटाटा पाण्यात भिजवून, पाणी फेकून मग शिजवायचा. नारळपाणी नाही, केळं नाही, लोणचं तर दृष्टीआडच. पथ्याचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता आणि बाबा तो निमूट पाळत होते. मग एका दुपारी डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. दारापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा चपला घालता घालता म्हणाले, ‘आता त्यांना आवडतं ते द्या खायला.’

मला आनंद झाला. अकरा वर्षं ‘काय सुचवलं?’ या प्रश्नाशेजारी बसलेला मी, पण तो प्रश्न मला सुचला नाही. तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला: ‘बाबांचं पथ्य सुटलं!’ पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मागे वळलो तर बायको उभी होती. आडवळणाचं बोलणं कळत नाही असा जिच्याबद्दल आमच्या घरात तीस वर्षं लौकिक, ती. म्हणाली, ‘ते काय म्हणाले कळलं का तुम्हाला?’ आणि तिने नेहमीसारखं सरळ सांगितलं.

बाबांना तिने सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी मी विचारलं, काय खावंसं वाटतं? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, म्हणाले, ‘भडंग आण थोडं. तिखट.’ दोन मुठी खाल्लं असेल, सावकाश, एकेक शेंगदाणा निवडून. पथ्याचा तक्ता अजून फ्रिजवर होता. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. कोल्हापूरची, मिरजेची, भाचे, पुतणे, जुने शेजारी. कॉटभोवती खुर्च्या, खुर्च्या संपल्यावर सतरंजी. येणारा बाबांना ‘बरे दिसताय’ म्हणायचा आणि मग एकमेकांत रस्त्यांचं, जागांच्या भावांचं बोलणं चालू राहायचं. साडेनऊ झाले. बाबांनी मला मानेने जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता.

‘घड्याळाला किल्ली दे रे.’

मी खुर्चीवर चढलो, काचेचं दार उघडलं, तळाची किल्ली घेतली आणि तीन पीळ दिले. मंडळी उठली, पायात चपला शोधू लागली. ‘बसा हो,’ बाबा म्हणाले.

त्या दिवशी बुधवार होता.